हॅट्ट्रिकमधला तिसरा कोण?

आजचा विषय कळल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. 'सर, आयुष्यभर न्याय-वैशेषिक शिकवलंत, आणि आता क्रिकेटवर बोलणार?' आम्ही म्हटलं, हो, बोलणार, आणि न्याय-वैशेषिक सोबत घेऊनच बोलणार.

सकाळी अंबाझरीला एक चक्कर मारून झाली की आम्ही पाच निवृत्त मंडळी एका बाकावर बसतो. एक बँकेतला, एक वीज मंडळातला, दोन शाळामास्तर आणि पाचवे आम्ही. गुडघे, पेन्शन आणि नातवंडं हे विषय दहा मिनिटांत संपतात. मग कुणीतरी हळूच टाकतो, '८७ च्या हॅट्ट्रिकमधला तिसरा कोण?' उत्तर सगळ्यांना पाठ आहे. पहिला केन रदरफोर्ड, दुसरा इयन स्मिथ, तिसरा इवन चॅटफिल्ड. तिघांच्याही दांड्या गुल. गोलंदाज चेतन शर्मा, तारीख ३१ ऑक्टोबर १९८७, मैदान आपलं सिव्हिल लाइन्सचं. विश्वचषकाच्या इतिहासातली ती पहिली हॅट्ट्रिक. विचारणाऱ्यालाही उत्तर ठाऊक असतं, तरी तो विचारतो. आरती पाठ असली तरी आपण रोज म्हणतोच की.

अशा माहितीला विद्यापीठातला इतिहासकार हात लावत नाही. त्याला कारणं हवीत, परिणाम हवेत, कागदपत्रं हवीत. तिसरा कोण बाद झाला यावरून काहीच सिद्ध होत नाही, असं तो म्हणेल, आणि त्याचं चूक नाही. पण आम्हाला बरीच वर्षं एक गोष्ट जाणवत आली आहे. ज्यांचा संघ सतत जिंकतो, त्यांना करंडक मोजून भागतं. ज्यांचा संघ सतत हरतो, त्यांच्याजवळ मोजायला करंडक नसतात. मग ते बारीकसारीक गोष्टी सांभाळतात. कोण कुठे जन्मला, कुणी कुणाचा झेल सोडला, कोणत्या डावात कोण नाबाद राहिला. विदर्भाच्या संघाच्या चाहत्यांनी साठ वर्षं हेच केलं. आज त्या साठवणीविषयी बोलू. तिच्यात काय शिल्लक राहिलं त्याविषयी, आणि काय गळून गेलं त्याविषयीही.

आधी हा संघ आला कुठून ते बघू. १९३४-३५ ला रणजी करंडक सुरू झाला, तेव्हा पहिल्याच हंगामात मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाचा संघ उतरला होता. नागपूर तेव्हा त्या प्रांताची राजधानी. स्वातंत्र्यानंतरच्या मध्य प्रदेशाचीही राजधानी नागपूरच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरचं राजधानीपण संपलं. त्यानंतरच्याच वर्षी, १९५७-५८ च्या हंगामात, 'विदर्भ' या नावाने संघ रणजीत खेळला. या दोन घटनांत कारण-कार्य जोडायची घाई आम्ही करणार नाही. तर्कशास्त्र शिकवणाऱ्याने तरी करू नये. पण क्रम लक्षात ठेवा. राजधानी गेली, आणि संघ आला. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तरी क्रिकेटच्या नकाशावर एका राज्यात तीन संघ राहिले. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. त्यातही विदर्भ मध्य विभागात, म्हणजे मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि रेल्वेच्या पंगतीत. वेगळ्या विदर्भ राज्यासाठी किती सभा झाल्या, किती मोर्चे निघाले, तुम्ही पाहिलंच आहे. राज्य झालं नाही. धावफलकावर मात्र 'विदर्भ' हे नाव दरवर्षी लागत राहिलं, बहुतेक वेळा हरणाऱ्याच्या रकान्यात.

आम्ही पहिला कसोटी सामना पाहिला तो १९६९ साली. नागपुरातला तो पहिलाच कसोटी सामना, ३ ते ८ ऑक्टोबर, मधे एक दिवस विश्रांतीचा. समोर न्यूझीलंड. आम्ही कॉलेजात होतो. सीताबर्डीहून सायकलवर डबलसीट, डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, डोक्यावर ओला रुमाल, कारण ऑक्टोबरचं नागपूरचं ऊन काय असतं ते इथल्यांना सांगायला नको. पतौडी कप्तान. प्रसन्ना, बेदी, वेंकटराघवन असे तीन फिरकीपटू आपल्याकडे, आणि आपल्याला गुंडाळलं कुणी, तर त्यांच्या हेडली हॉवर्थ नावाच्या फिरकीपटूने. दुसऱ्या डावात भारत सर्वबाद १०९. न्यूझीलंड १६७ धावांनी जिंकलं. भारतात त्यांनी जिंकलेला तो पहिला कसोटी सामना. नागपूरच्या कसोटी इतिहासाची सुरुवात ही अशी. परत येताना सायकलच्या मागच्या चाकात हवा नव्हती, हेही आम्हाला आठवतं. ते धावफलकात मिळणार नाही.

त्या सामन्यात विदर्भाकडून खेळणारा एकही खेळाडू नव्हता. असणार कसा? विदर्भ संघातून कोणी भारताकडून कसोटी खेळायला २०११ साल उजाडलं. नोव्हेंबर २०११, दिल्ली, वेस्ट इंडिजविरुद्ध, उमेश यादव. मधे ४२ वर्षं गेली. ४२ वर्षं आम्ही आमच्या मैदानावर दुसऱ्यांच्या पोरांना टाळ्या वाजवत होतो. घर आपलं, लग्न आपल्याच मांडवात, पण नवरा-नवरी दोन्ही बाहेरची.

यावरून बाकावर भांडण ठरलेलं. 'विदर्भाचा पहिला कसोटीपटू कोण?' वीज मंडळवाला म्हणतो, उमेश. थोरले मास्तर उसळून म्हणतात, 'अरे, सी. के. नायडूंना विसरला काय?' मास्तरांचंही खरं आहे. कोट्टारी कनकैया नायडू नागपुरात जन्मले, हिस्लॉपच्या शाळेत शिकले, शाळेच्या संघातून खेळले. १९३२ ला लॉर्ड्सवर भारताने पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा कप्तान तेच. त्याआधी डिसेंबर १९२६ ला मुंबईत एमसीसीच्या गोलंदाजांना ११ षटकार मारून १५३ धावा केल्या, त्याही त्यांनीच. पण होळकरांनी त्यांना इंदूरला नेलं आणि त्यांचं मोठं क्रिकेट होळकर संघाचं झालं. ते गाजत होते तेव्हा 'विदर्भ' नावाचा संघच नव्हता. धाकटे मास्तर मग हेमंत कानिटकरांना मधे आणतात. जन्म अमरावतीचा, १९७४ ला दोन कसोटी सामने, पण खेळले महाराष्ट्राकडून.

हे भांडण माहितीचं नाही, लक्षणाचं आहे. 'विदर्भाचा' या शब्दातली षष्ठी काय सांगते? जन्म, की संघ? न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत, अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. जन्म हे लक्षण धरलं तर जे इथून निघून गेले तेही आपले होतात. संघ हे लक्षण धरलं तर सी. के. हातचे जातात. कुठलाही नागपूरकर त्यांना सोडायला तयार होत नाही. म्हणून वाद मिटत नाही, आणि मिटावा असं कुणाला वाटतही नाही.

आता पुन्हा ३१ ऑक्टोबर १९८७. आम्ही मैदानात होतो. ही ओळ आम्ही जरा जपूनच उच्चारतो, कारण त्या दिवशी मैदानात होतो असं सांगणारी माणसं आम्हाला इतकी भेटली आहेत की तेवढी त्या मैदानात मावलीच नसती. न्यूझीलंड ९ बाद २२१. गटात पहिलं यायला भारताला ते ४२.२ षटकांत पार करायचे होते, म्हणजे उपान्त्य सामना मुंबईत मिळणार होता, नाहीतर लाहोर. गावसकर सलामीला आले. त्यांना ताप होता असं सांगतात. एकदिवसीय सामन्यात तोवर त्यांचं एकही शतक नव्हतं, आणि कूर्मगतीबद्दल लोक त्यांची टिंगल करत. त्यांनी चॅटफिल्डच्या एका षटकात ओळीने षटकार, षटकार, चौकार, चौकार मारले. हॅट्ट्रिकमधला तिसरा तोच, आणि हा मार खाणाराही तोच. बिचाऱ्या चॅटफिल्डला नागपूर कसं आठवत असेल! ८८ चेंडूंत नाबाद १०३. एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं ते एकमेव शतक. भारताने सामना ३२.१ षटकांतच संपवला.

आमचा बँकवाला मित्र हा सामना फार रंगवून सांगतो. गावसकरांचं शतक झालं तेव्हा मैदानावरचे दिवे लागले होते आणि दिव्यांत त्यांची टोपी चमकत होती, असं तो शपथेवर सांगतो. तो त्या दिवशी आमच्याच शेजारी बसला होता. पण त्या विश्वचषकातले सगळे सामने दिवसाउजेडी झाले. पांढरे कपडे, लाल चेंडू. दिवे लागायचा प्रश्नच नव्हता. मग मित्र खोटं बोलतो का? नाही. नंतरच्या वर्षांत टीव्हीवर पाहिलेले शेकडो प्रकाशझोतातले सामने त्याच्या मनात या आठवणीवर चढत गेले.

अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनी वाचला असेल त्यांना इथे काही आठवेल. तिथे ज्ञानाचे दोन भाग केले आहेत, अनुभव आणि स्मृती. प्रमा, म्हणजे खरं ज्ञान, फक्त अनुभवाच्या बाजूला. स्मृती ही निव्वळ संस्कारातून उठते, म्हणून ती यथार्थ असली तरी नैयायिक तिला प्रमाणांच्या पंगतीत बसवत नाही. वर्गात हे शिकवताना पोरं विचारत, सर, मग आठवणीचा उपयोग काय? आमच्याकडे तेव्हा चांगलं उत्तर नव्हतं. बाकावर बसायला लागल्यावर थोडं मिळालं. एकट्याची आठवण दिवे लावते. पाच जण मिळून आठवतात तेव्हा कुणीतरी म्हणतो, 'काहून बे, दिवे कुठून आणले?' अन् दिवे विझतात. म्हणजे काही वेळ तरी विझतात. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा लावतोच.

पण पाच जण मिळूनही एखादी गोष्ट टाळतात, तेव्हा कोण टोकणार?

२६ नोव्हेंबर १९९५. तेच मैदान, समोर पुन्हा न्यूझीलंड. बाकावर या सामन्याबद्दल विचारा. नॅथन ॲस्टल ११४, त्याचं पहिलं एकदिवसीय शतक. न्यूझीलंड ८ बाद ३४८, त्या काळात केवढी धावसंख्या! भारत ९९ धावांनी पराभूत. हे सगळं धडाधड येतं. दोन डावांच्या मधल्या वेळात एका स्टँडची भिंत कोसळली आणि ९ माणसं गेली, हे येत नाही. कुणी विचारल्याशिवाय येत नाही. आम्ही त्या दिवशी दुसऱ्या बाजूच्या स्टँडमध्ये होतो. काहीतरी गडबड झाली, लोक पळाले, एवढं दिसलं. नंतर पुन्हा खेळ सुरू झाला आणि आम्ही बघत बसलो. सामना पूर्ण झाला. माणसं मेली हे आम्हाला घरी गेल्यावर कळलं.

मधे एका सकाळी आम्हीच हा विषय काढला. ९९ धावांनी हरलो, ते ठीक. पण त्या ९ जणांपैकी एकाचं तरी नाव कुणाला आठवतं का? पाचही जण गप्प. आम्हालाही आठवत नव्हतं. चॅटफिल्ड आठवतो, हॉवर्थ आठवतो, ॲस्टल आठवतो. आपल्याच गावची, आपल्यासारखीच तिकीट काढून आलेली, बहुधा डब्यात पोळी-भाजी आणलेली माणसं, त्यांचं एक नाव नाही. चाहत्याची आठवण धावफलकाच्या रकान्यांवर चढते, वेलीसारखी. रकाना नसेल तिथे ती खाली पडते. थोरले मास्तर त्या दिवशी उठून आणखी एक चक्कर मारायला गेले. एरवी ते एकच मारतात.

असो. पुढे जाऊ.

उमेश यादवचा जन्म २५ ऑक्टोबर १९८७ चा. म्हणजे गावसकरांच्या शतकाच्या अवघे सहा दिवस आधी. आणि ते शतक ज्या तारखेला झालं ती ३१ ऑक्टोबर म्हणजे सी. के. नायडूंची जन्मतारीख, साल १८९५. इतिहासकाराला याचं काही नाही, योगायोग म्हणून तो सोडून देईल. आम्हीही वर्गात सोडूनच दिला असता. पण बाकावर हे पहिल्यांदा कुणीतरी जुळवलं तेव्हा पाचही जणांच्या अंगावर काटा आला होता, हे लपवून काय उपयोग? उमेशचे वडील वलनीच्या कोळसा खाणीत कामगार. खाणीतल्या माणसाचा पोरगा, बराच काळ टेनिस बॉलवर खेळलेला, आणि विदर्भाच्या टोपीतून भारताच्या टोपीत जाणारा पहिला. जामठ्याचं नवीन स्टेडियम २००८ पासून कसोटीला खुलं झालं, निवासी अकादमी आली, बाहेरून प्रशिक्षक आले. हे सगळं संघाच्या चढणीमागचं खरं कारण, आणि त्यावर बोलायला आमच्यापेक्षा जाणकार माणसं आहेत. एवढंच नोंदवतो की जामठा वर्धा रोडवर, गावाबाहेर. तिथे सायकलवर डबलसीट जाता येत नाही.

मग २०१७-१८ चा हंगाम. कप्तान फैज फजल, प्रशिक्षक मुंबईचे चंद्रकांत पंडित. उपान्त्य सामना कोलकात्याला, ईडन गार्डन्सवर, कर्नाटकाशी. त्यांना १९८ हव्या होत्या, त्यांच्या १९२ झाल्या. पाच धावा! शेवटच्या सकाळी बाकावर कुणी बसलंच नाही. सगळे उभे, एका मोबाईलवर पाच डोकी. रजनीश गुरबानी, सिव्हिल इंजिनिअर पोरगा, त्या डावात ७ आणि सामन्यात १२ बळी. आणि नंतर अंतिम सामना दिल्लीविरुद्ध, इंदूरला, होळकर स्टेडियमवर.

इंदूर. होळकर. थोरल्या मास्तरांच्या डोळ्यांत तेव्हाच पाणी आलं होतं. नागपूरच्या मातीतला माणूस ज्या होळकर संघाने मोठा केला, ज्या इंदुरात १९६७ ला त्याने देह ठेवला, त्याच गावात विदर्भाचा पहिला अंतिम सामना. गुरबानीने पहिल्या डावात हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच. पहिली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, १९७२-७३ ची. विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि ध्रुव शोरी, तिघांच्याही दांड्या गुल, अगदी ८७ सारख्याच. तिसरा कोण? ध्रुव शोरी, १४५ धावा करून जमलेला. अक्षय वाडकरने शतक ठोकलं, १३३. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. साठ वर्षं लागली. पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राविरुद्ध पुन्हा जिंकलो, ७८ धावांनी. त्या सामन्यात आदित्य सरवटेने ११ बळी घेतले.

जिंकायला लागल्यावर आमच्या बाकाची थोडी पंचाईत झाली. हरणाऱ्या संघाचे चाहते म्हणून आमची जी ओळख होती ती गेली. आणि दुसरा प्रश्न उभा राहिला. हा संघ 'आपला' म्हणजे काय? वसीम जाफर मुंबईचा, तो आमच्याकडून खेळला, इराणी करंडकात २८६ धावा केल्या. करुण नायर कर्नाटकाचा. मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का, दांडी का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. सगळे भाग वेगळे करून ठेवले तर रथ कुठे आहे? विदर्भाचा संघही असाच. भाग बदलत जातात, नाव चालू राहतं, आणि त्या नावासाठी आम्ही भांडतो. नागसेन म्हणाला असता की नाव हे केवळ व्यवहारापुरतं. मान्य. पण व्यवहारापुरत्या नावावर माणसं रडतात, हे त्यानेही पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

२०२५ चा अंतिम सामना, २६ फेब्रुवारी ते २ मार्च, जामठा. समोर केरळ, त्यांचा पहिलाच अंतिम सामना. मास्तरांच्या मुलाने गाडीतून आम्हाला पाचही जणांना नेलं. विदर्भाच्या बाजूने कोण होता? ध्रुव शोरी. गुरबानीच्या हॅट्ट्रिकमधला तिसरा, आता आपला. आणि केरळच्या बाजूने? आदित्य सरवटे. २०१९ चे ११ बळी, आता त्यांचा. केरळची सुरुवात कोसळली आणि सरवटे उभा राहिला. ७९ धावा केल्या. अर्धशतक झालं तेव्हा आमच्या बँकवाल्या मित्राने उठून टाळ्या वाजवल्या.

धाकटे मास्तर भडकले. 'काहून रे, टाळ्या काहून वाजवून राहिला? तो त्यांचा आहे ना आता!'

'त्यांचा असन. पण ते अकरा बळी कोणाचे होते मंग?'

मास्तरांना उत्तर सुचलं नाही. पुढची पाच-सहा षटकं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दानिश मालेवारने पहिल्या डावात केलेल्या १५३ आणि दोन्ही डावांत मिळून करुण नायरच्या २२१ यांवर आपण भक्कम होतो. केरळ ३४२ वर आटोपलं, आपल्या ३७९ होत्या, म्हणजे ३७ ची आघाडी. सामना अनिर्णित राहिला आणि त्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक विदर्भाकडे आला. येताना गाडीत दोघांचं जमलं. रस्त्यात संत्र्याच्या ढिगाशी गाडी थांबवून मास्तरांनी पैसे दिले, ही घटना दुर्मिळ म्हणून इथे नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाझरीला बँकवाला आधीच येऊन बसला होता. आम्ही टेकतो न टेकतो तोच त्याने विचारलं, 'केरळ फायनलला आलं कसं? गुजरातचा शेवटचा बळी कोणाचा?' उपान्त्य सामन्यात केरळच्या ४५७ होत्या, गुजरातचा शेवटचा गडी ४५५ वर बाद झाला. चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून उडाला आणि स्लिपमध्ये झेल गेला. दोन धावांची आघाडी, तेवढ्यावर ते जामठ्याला पोचले. हे सगळं आम्हाला माहीत होतं. गोलंदाज कोण, ते मात्र त्या क्षणी कुणालाच आठवेना.

'सरवटे,' तो म्हणाला. 'आपल्याच पोरानं आणलं त्यांना नागपूरले.'